बिशपला काय म्हणायचं? धर्माध्यक्ष, लाट पाद्री आणि महागुरू

म्हैसूरहून बोलतोय. या मालिकेत आपण लढाया, किल्ले, तह आणि फौजा यांविषयी बरंच बोललो. आज एका पदाविषयी बोलायचं आहे, आणि पदापेक्षाही त्या पदाच्या नावांविषयी. ते पद म्हणजे ख्रिस्ती धर्मातला बिशप.

तुम्ही म्हणाल, निवृत्त फौजी माणसाला याचं काय पडलं आहे? सांगतो. म्हैसुरात कन्नड वर्तमानपत्र उघडलं की बिशपला ‘धर्माध्यक्ष’ लिहिलेलं दिसतं. गोव्यात कोकणीत तोच ‘बिस्प’ होतो. वसईचा मराठी कॅथलिक त्याला बिशप म्हणतो आणि आदराने ‘महागुरू’ही म्हणतो. केरळात तो ‘मेत्रान’, तामिळनाडूत ‘आयर’. आणि इंग्रजी अमदानीत छावणीतले लोक त्याला चक्क ‘लाट पाद्री’ म्हणत. पद एक आणि नावं अर्धा डझन.

ही नावं कुणी बसून ठरवलेली नाहीत. प्रत्येक नाव वेगळ्या वाटेने आलं आणि येताना एक प्रश्न घेऊन आलं: हा माणूस कोणाचा? पोर्तुगालच्या राजाचा, रोमच्या पोपचा, कंपनी सरकारचा, की इथल्या माणसांचा? या प्रश्नावरून आपल्या देशात तीनशे-चारशे वर्षं भांडणं झाली आहेत. त्यातली काही थेट आपल्या मराठी मुलखात झाली.

हुद्दा वेगळा, नेमणूक वेगळी

आधी पायऱ्या समजून घेऊ, कारण वर्तमानपत्रांत इथेच सगळा गोंधळ होतो.

फौजेत रुजू झाल्यावर एक फरक लवकर शिकवतात. कर्नल हा हुद्दा. कमांडिंग ऑफिसर ही नेमणूक. हुद्दा खांद्यावर असतो, नेमणूक आज आहे, उद्या बदलते. कॅथलिक चर्चचंही असंच आहे. तिथे दीक्षेच्या पायऱ्या तीनच: डीकन, प्रीस्ट आणि बिशप. डीकन म्हणजे सेवक, प्रीस्ट म्हणजे आपण ज्याला फादर किंवा धर्मगुरू म्हणतो तो, आणि त्याच्या वर बिशप. बिशपच्या वर चौथी दीक्षा नाही. पोपसुद्धा दीक्षेने बिशपच आहे, रोमचा बिशप.

मग आर्चबिशप, कार्डिनल, नुन्सिओ हे सगळे कोण? या नेमणुका आहेत किंवा मान आहेत. आर्चबिशप म्हणजे मुख्य बिशप, एका प्रांतातल्या महत्त्वाच्या गादीवर बसलेला. पण इथे फौजेची उपमा तुटते, हे लक्षात ठेवा. डिव्हिजनचा जनरल जसा ब्रिगेडियरला हुकूम देतो, तसा आर्चबिशप शेजारच्या बिशपला रोजच्या कारभारात हुकूम देत नाही. आपापल्या क्षेत्रात प्रत्येक बिशप मुखत्यार असतो आणि थेट पोपला जबाबदार असतो.

साहाय्यक बिशप म्हणजे मोठ्या क्षेत्रात हाताखाली दिलेला बिशप. को-ॲडज्युटर बिशप म्हणजे मात्र गादीचा ठरलेला वारस. आपल्या भाषेत सांगायचं तर युवराज. नुन्सिओ म्हणजे पोपचा वकील. पेशवाईत दरबारा-दरबारांत वकील असत, तसाच. आणि कार्डिनल हा शब्द लॅटिनमधल्या ‘कार्दो’वरून आला आहे. कार्दो म्हणजे दाराची बिजागरी. ज्यांच्यावर दार फिरतं ती माणसं. पोप निवडण्याचं काम त्यांचं, तेही वयाची ८० वर्षं पूर्ण होईपर्यंतच. मे २०२५ मध्ये नवा पोप निवडला गेला तेव्हा मतदानाला चार भारतीय कार्डिनल होते. त्यांत गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव होते आणि हैदराबादचे अँथनी पूलाही होते. पूला हे कार्डिनल झालेले पहिले दलित धर्मगुरू. मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी काही महिन्यांपूर्वीच ८० पूर्ण केली होती, म्हणून त्यांना मत नव्हतं.

आणखी एक गोष्ट फौजी माणसाला आवडेल अशी. बिशपलाही निवृत्तीचं वय आहे. ७५ पूर्ण झाली की त्याने राजीनामा पोपकडे पाठवायचा असतो. तो केव्हा मंजूर करायचा हे पोप ठरवतात.

वरून पाहणारा

आता मूळ शब्दाकडे येऊ. ग्रीक भाषेत शब्द आहे ‘एपिस्कोपोस’. ‘एपि’ म्हणजे वर, आणि ‘स्कोपोस’ म्हणजे पाहणारा. दुर्बिणीच्या टेलिस्कोपमधला ‘स्कोप’ याच घराण्यातला. एपिस्कोपोस म्हणजे वरून पाहणारा, देखरेख करणारा. ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून ग्रीक लोक हा शब्द कारभारातल्या देखरेखीच्या माणसासाठी वापरत होते. तो लॅटिनमध्ये ‘एपिस्कोपुस’ झाला, पोर्तुगीजांत ‘बिश्पु’, इंग्रजीत ‘बिशप’. तोंडात घोळता घोळता पुढचं ‘ए’ गळून पडलं.

आता संस्कृत ‘अध्यक्ष’ पाहा. ‘अधि’ म्हणजे वर, आणि ‘अक्ष’ म्हणजे डोळा. ज्याचा डोळा वर आहे, ज्याची नजर आहे, तो अध्यक्ष. ग्रीक शब्दाचे दोन तुकडे आणि संस्कृत शब्दाचे दोन तुकडे एकावर एक ठेवले तर बरोबर बसतात. मराठी बायबलमध्ये पौलाच्या पत्रांत एपिस्कोपोस जिथे येतो तिथे ‘अध्यक्ष’ हाच शब्द घातला आहे. कन्नड आणि हिंदी कॅथलिकांनी त्याला ‘धर्म’ जोडून धर्माध्यक्ष केला, आणि आर्चबिशपसाठी महाधर्माध्यक्ष.

आज अध्यक्ष म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हार घातलेला आणि शेवटी बोलणारा माणूस येतो. जुना अध्यक्ष तसा नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं दुसरं अधिकरण आहे ‘अध्यक्षप्रचार’. त्यात एकेका खात्याचा अध्यक्ष आहे: शेतीवर सीताध्यक्ष, जकातीवर शुल्काध्यक्ष, घोड्यांवर अश्वाध्यक्ष, हत्तींवर हस्त्यध्यक्ष, नावांवर नावध्यक्ष, दारूवर सुराध्यक्ष. हे सगळे काम करणारे अधिकारी. हिशेब ठेवायचा, चोरी पकडायची, माणसं सांभाळायची आणि वर जबाब द्यायचा.

आणि हा ग्रंथ सापडला कुठे? इथे, म्हैसुरात. हरवला असंच समजल्या गेलेल्या अर्थशास्त्राची ताडपत्राची पोथी म्हैसूरच्या ओरिएंटल लायब्ररीत आली, आणि तिथले ग्रंथपाल आर. शामाशास्त्री यांनी १९०५ मध्ये ती ओळखली. १९०९ मध्ये त्यांनी ग्रंथ छापला. जिथे अध्यक्षांची ही जुनी यादी उजेडात आली, त्याच शहरातले लोक आज बिशपला धर्माध्यक्ष म्हणतात. हा योगायोग आहे, त्यात कुणाची योजना नाही. पण शब्द समजायला मला त्याची फार मदत झाली.

जाता जाता बुद्धिबळाचं सांगतो. आपला उंट इंग्रजांच्या पटावर बिशप आहे. ते मोहरं मुळात हत्ती होतं. अरबांकडे ते ‘अल-फील’ झालं, आणि त्यांनी मूर्ती न घडवता वर नुसते दोन सुळे ठेवले. युरोपातल्या काही लोकांना ती दुभंगलेली टोपी वाटली, बिशप घालतो तशी. हत्तीचा बिशप झाला तो असा.

मेत्रान आणि तिरुमेनी

भारतात बिशप पहिल्यांदा आला तो पोर्तुगीजांबरोबर नव्हे. केरळातले सेंट थॉमस ख्रिस्ती पोर्तुगीजांच्या कितीतरी शतकं आधीपासून इथे होते, आणि त्यांचे बिशप पश्चिम आशियातून येत. त्यांची धर्मभाषा सिरियाक. म्हणून केरळातले शब्द वेगळे. ‘मेत्रान’ आणि ‘मेत्रापोलीत्ता’ हे ग्रीक ‘मेट्रोपोलिटन’चे, म्हणजे मुख्य नगरातल्या बिशपचे, नातलग. बिशपच्या नावाआधी ‘मार’ लावतात, त्याचा सिरियाक अर्थ स्वामी. आणि समोर बोलताना म्हणतात ‘तिरुमेनी’. तिरुमेनी म्हणजे पवित्र देह. हा मान केरळात राजाला आणि नंबुद्री ब्राह्मणालाही होता. म्हणजे पद पश्चिम आशियातून आलं, पण हाक इथलीच.

नोकरीत असताना माझ्या हाताखाली मल्याळी, तामिळ आणि नागा असे तिन्ही जवान होते. रजेचा अर्ज घेऊन मल्याळी जवान आला की सांगायचा, गावात तिरुमेनी येणार आहेत. तामिळ जवान ‘आयर’ म्हणायचा. तामिळमध्ये आयर म्हणजे गुराखी, गुरं राखणारा. नागा जवानाला मी विचारलं, तुमचा बिशप कोण? तो हसून म्हणाला, साहेब, आमच्यात बिशप नसतोच. तो बाप्टिस्ट होता. बाप्टिस्ट मंडळी आपला कारभार आपणच पाहते, वर कुणी अध्यक्ष ठेवत नाही. ख्रिस्ती म्हणजे बिशप असणारच, हा आपला समज किती कच्चा आहे ते मला त्या दिवशी नीट कळलं.

फौजेत स्वतःलाही एक शब्द आहे. पलटणीत पंडित, मौलवी, ग्रंथी असतात तसे ‘पाद्रे’ असतात. ते धर्मशिक्षक, नायब सुभेदार म्हणून भरती होतात, आणि सर्वधर्मस्थळात आपापल्या वेळेला प्रार्थना घेतात. हा पाद्रे आणि आपला मराठी पाद्री एकच. पोर्तुगीज ‘पाद्रे’, म्हणजे बाप.

गोव्याचा बिस्प

आता येऊ गोव्याला. १५३४ मध्ये गोव्याची बिशपची गादी निर्माण झाली. तिचं क्षेत्र ऐकाल तर थक्क व्हाल: आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत. १५५७ मध्ये गोव्याचा बिशप आर्चबिशप झाला. पुढे ‘प्रायमेट ऑफ द ईस्ट’, आणि १८८६ मध्ये ‘पेट्रिआर्क ऑफ द ईस्ट इंडीज’ हा किताब मिळाला. पेट्रिआर्क म्हणजे कुलपिता. फेर्राव यांच्या नावापुढे आजही तो किताब लागतो.

पण बिशप नेमायचा कुणी? पोपने पोर्तुगालच्या राजाला अधिकार दिला होता: पूर्वेकडे चर्च बांधा, खर्च करा, आणि बिशपची नावं तुम्ही सुचवा. याला ‘पाद्रोआदो’ म्हणत, म्हणजे आश्रयदातृत्व. पुढे रोमला कळून चुकलं की एवढं मोठं क्षेत्र या राजाच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून १६२२ मध्ये पोपने ‘प्रोपागांदा’ नावाचं आपलं खातं काढलं आणि स्वतः माणसं पाठवायला सुरुवात केली. झालं, दोन अंमल एकाच मुलखात.

या भांडणात सापडला आपल्या कोकणपट्टीतला एक माणूस, मातेउस द कास्त्रो. गोव्याच्या दिवाडी बेटावरचा, ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातला. त्याला धर्मगुरू व्हायचं होतं. गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली. तो गप्प बसला नाही. तो थेट रोमला गेला, तिथे शिकला, तिथेच धर्मगुरू झाला. १६३७ मध्ये रोमने त्याला बिशपची दीक्षा दिली. लॅटिन परंपरेतला तो पहिला भारतीय बिशप.

आता त्याचा किताब पाहा. गोव्याची गादी त्याला मिळणं शक्य नव्हतं, ती राजाची. बिशपला गादी तर हवीच. मग रोमने त्याला ‘क्रिसोपोलिस’ या पूर्वी कधीतरी नांदत्या असलेल्या गादीचं नाव दिलं. अशा बिशपला ‘टिट्युलर’ म्हणतात. आपण म्हणू कागदोपत्री गादीचा बिशप. आणि काम दिलं विजापूरच्या आदिलशाही मुलखाचा ‘विकार अपोस्टोलिक’ म्हणून. गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी त्याला बिशप मानायला नकार दिला. तो गोव्याच्या हद्दीला लागून, आदिलशाहीतल्या डिचोलीला राहिला. तिथे त्याने स्थानिक तरुणांना धर्मगुरूची दीक्षा दिली. गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना उद्देशून पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लिहिलं. अखेरची वर्षं त्याची रोममध्येच गेली.

शिवाजी महाराजांचं बालपण आणि तारुण्य ज्या काळातलं, त्या काळातली ही गोष्ट. बिशप शब्दापुढे कुठल्या गावाचं नाव लावायचं, एवढ्यावरून एका माणसाचं आयुष्य निघून गेलं. म्हणून म्हणतो, किताब ही नुसती शोभेची गोष्ट नसते.

आणि हे भांडण मिटायला किती काळ लागला? मुंबईत पाद्रोआदो आणि प्रोपागांदा अशा दोन्ही अंमलांची चर्चं शेजारी शेजारी होती. १९२८ मध्ये तोडगा निघाला तोही कसा, तर मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असा आळीपाळीने नेमायचा. भारतीय माणूस त्या हिशेबातच नव्हता. आळीपाळी संपली आणि १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले.

जंगी लाट आणि लाट पाद्री

इंग्रजांची गोष्ट वेगळी. ईस्ट इंडिया कंपनीला धंदा हवा होता, बिशप नको होता. १८१३ च्या सनदेने पार्लमेंटने कंपनीवर एक बिशप लादला, कलकत्त्याचा. पहिला बिशप टॉमस मिडलटन १८१४ मध्ये आला. त्याचा पगार कंपनीच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या पैशातून.

इथल्या लोकांनी या नव्या साहेबाला बरोबर ओळखलं. इंग्रजी ‘लॉर्ड’चा आपल्याकडे ‘लाट’ झाला होता. गव्हर्नर जनरल मुल्की लाट, सरसेनापती जंगी लाट. मग हा कोण? लाट पाद्री. मला हा शब्द फार मार्मिक वाटतो. लोकांनी धर्मशास्त्र बघितलं नाही, सरकारी मांडणी बघितली. मुलकी खात्याला लाट, फौजेला लाट आणि देवाच्या खात्यालाही लाट.

दुसरा बिशप रेजिनाल्ड हेबर याचा आपल्या मराठी इतिहासाशी संबंध येतो. १८२५ मध्ये तो मुंबईत आला. मार्च १८२६ च्या अखेरीस तो तंजावरला गेला आणि सरफोजीराजे भोसल्यांना भेटला. सरफोजीराजांना श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने लहानपणी सांभाळलं, शिकवलं होतं. श्वार्ट्झ बिशप नव्हता, लाटही नव्हता. त्याच्या स्मारकाची संगमरवरी शिल्पाकृती राजांनी लंडनहून करवून घेतली. हेबर तंजावरहून त्रिचनापल्लीला गेला आणि ३ एप्रिल १८२६ रोजी तिथेच वारला. मुंबईला स्वतःचा अँग्लिकन बिशप मिळाला १८३७ मध्ये, टॉमस कार. तेव्हापासून फोर्टातलं सेंट थॉमस चर्च ‘कॅथीड्रल’ झालं. कॅथीड्रल म्हणजे मोठं चर्च नव्हे. ‘कॅथेड्रा’ म्हणजे खुर्ची. बिशपची खुर्ची जिथे आहे ते कॅथीड्रल. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको, आपल्याकडे ‘गादी’ आहेच.

सरकार आणि अँग्लिकन चर्च यांची फारकत १९३० मध्ये झाली, आणि लाट पाद्रीतला लाट गेला.

नायब आणि मुखत्यार

आता परत म्हैसूरला. आत्ता ‘विकार अपोस्टोलिक’ हा शब्द आला. लॅटिन ‘विकारियुस’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणारा. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, नायब. नायब सुभेदार, नायब तहसीलदार. विकार अपोस्टोलिक म्हणजे पोपचा नायब. ज्या मुलखात नियमित गादी नाही तिथे पोप आपल्या नावाने नायब ठेवतो.

टिपू पडल्यावर म्हैसूर राज्यात काम करायला आलेला फ्रेंच धर्मगुरू आबे द्युब्वा याला लोक ‘दोड्ड स्वामी’ म्हणत, म्हणजे मोठे स्वामी. त्याने हजारो लोकांना देवीची लस टोचली. तो बिशप नव्हता, पण लोकांनी त्याला आपला शब्द दिला. पुढे १८५० मध्ये म्हैसूरचा स्वतंत्र विकारियात झाला आणि फ्रेंच मिशनरी शार्बोनो तिथले विकार अपोस्टोलिक झाले. राहायचे बंगलोरला.

१ सप्टेंबर १८८६ रोजी पोप लिओ तेरावे यांनी भारतातल्या या सगळ्या नायबांना मुखत्यार केलं. विकारियातांचे धर्मप्रांत झाले. त्याच दिवशी म्हैसूर झालं आणि त्याच दिवशी आपलं पुणेही. १९४० मध्ये बंगलोर वेगळं झालं, आणि म्हैसूरच्या बिशपची गादी खरोखर म्हैसुरात आली.

ज्या चर्चमध्ये ती गादी आहे ते सेंट फिलोमिना पर्यटकांनी पाहिलेलं असतं. उंच जुळे मनोरे, जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथीड्रलचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं. त्याची कोनशिला १९३३ मध्ये नाल्वडी कृष्णराज वडेयर महाराजांनी बसवली. आधी त्या जागी जे चर्च होतं तेही १८४३ मध्ये मुम्मडी कृष्णराजांच्या आश्रयाने झालं होतं. संत फिलोमिनाचा अवशेष मिळवला महाराजांचे सचिव तंबू चेट्टी यांनी, पोपचे त्या वेळचे भारतातले वकील पीटर पिसानी यांच्याकडून. हिंदू राजा, ख्रिस्ती सचिव, रोमचा वकील आणि फ्रेंच धर्मगुरू. हा कारभार कुणालाही परका वाटला नाही.

प्रोटेस्टंटांचं थोडक्यात. म्हैसुरात वेस्लियन मेथडिस्ट मिशन होतं. त्यांच्यात बिशप नव्हता, जिल्ह्याचा ‘चेअरमन’ असे. म्हणजे पुन्हा अध्यक्षच! २७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडिया झालं तेव्हा सगळ्यात अवघड वाटाघाट बिशपचीच होती. अँग्लिकनांना बिशप हवा, बाकीच्यांना त्याची धास्ती. शेवटी बिशप ठेवला, पण मंडळीने निवडलेल्या सभेबरोबर काम करणारा. आणि किताब दिला ‘बिशप इन म्हैसूर’ असा. ‘म्हैसूरचा’ नव्हे, ‘म्हैसुरातला’. एका प्रत्ययात मालकी जाते आणि सोबत येते, पाहा.

मराठीने काय केलं

मराठीत ख्रिस्ती शब्दसंपत्ती फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. म्हणजे ख्रिस्ती विचार ओवीत बसवायची सवय आपल्या भाषेला चारशे वर्षांची आहे.

‘पाद्री’ हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, पण काळाच्या ओघात त्याला थोडा उपरोधाचा वास लागला. कॅथलिकांत ‘फादर’ रुळला. अहमदनगरकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात, मेंढरं पाळणारा तो पाळक. नारायण वामन टिळक ‘रेव्हरंड’ झाले, आणि तो शब्द त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. त्या मंडळ्यांच्या परंपरेत बिशप नव्हता. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि अशा कितीतरी पाळकांच्या वर पहिल्यांदा बिशप आला.

वसईने मात्र स्वतःची पूर्ण पायरी उभी केली: धर्मगुरू, महागुरू, आणि पोपसाठी परमगुरू. पॅरिशला धर्मग्राम, डायोसीसला धर्मप्रांत. वारकरी मुलखात ‘गुरू’ शब्दाचं वजन काय आहे हे मी सांगायला नको. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेट केली ती तुकोबांवर.

आता या शब्दांत एक गंमत आहे. धर्माध्यक्ष म्हणजे देखरेख करणारा, महागुरू म्हणजे शिकवणारा, पाळक आणि आयर म्हणजे राखणारा, लाट म्हणजे सत्ता असणारा. कुठल्या समाजाला वरच्या माणसाकडून काय अपेक्षित होतं किंवा काय अनुभवाला आलं, ते त्याच्या शब्दात उतरलं.

लिहिणाऱ्यांना एवढंच सांगेन. बिशपला ‘मुख्य पाद्री’ लिहू नका. प्रोटेस्टंट धर्मगुरूला ‘फादर’ लिहू नका. ‘चर्चचे पुजारी’ तर मुळीच नको. आर्चबिशप कार्डिनल झाला की ‘बढती’ म्हणू नका, त्याची गादी बहुधा तीच राहते, मान वाढतो. ‘हिज ग्रेस’, ‘हिज एमिनन्स’ यांचं भाषांतर करत बसायचं कारण नाही. बिशप अमुक, आर्चबिशप तमुक, एवढं साधं लिहिलं तरी पुरे. समोर भेट झाली तर मी तरी ‘बिशपमहोदय’ म्हणतो, आजवर कुणाला खटकलेलं नाही.

आणि अध्यक्ष शब्दाचं शेवटचं वळण आपल्याच डोळ्यांसमोर झालं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. ख्रिस्ती धर्मगुरू त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसत होता. पाद्री कसा काय अध्यक्ष, म्हणून काही जणांनी विरोध केला. संमेलन ठरल्याप्रमाणे झालं. दिब्रिटो कधी बिशप झाले नाहीत. त्यांना अध्यक्ष केलं ते मराठी भाषेने. २०२४ मध्ये ते गेले.

मातेउस द कास्त्रोला दीक्षा नाकारली गेली ते आपल्याच किनाऱ्यावर, सुमारे चारशे वर्षांपूर्वी. मधल्या काळात किती शब्द आले आणि किती गेले ते आज आपण पाहिलं. तुमच्या गावात, तुमच्या बोलीत बिशपला किंवा धर्मगुरूला आणखी वेगळं काही म्हणत असतील, तर घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. असे शब्द एका पिढीत पुसले जातात. पुढच्या भागात पुन्हा लढाईकडे वळू. नमस्कार.